स्टिअरिंग नेमके केव्हा थरथरते?

मुंबईत गाडी चालवणाऱ्या माणसाला स्टिअरिंगची थरथर बहुधा मुंबईबाहेर पडल्यावरच कळते. दादर ते सायन, सायन ते चेंबूर या रोजच्या वाटेवर गाडी ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे फारशी जातच नाही. मग गणपतीला गावी जायला निघावे, पनवेल मागे पडावे, मोकळा रस्ता मिळावा आणि काटा ८५ च्या पुढे सरकताच स्टिअरिंग हातात कापू लागावे, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा असेल. परत आल्यावर गाडी गॅरेजात जाते, मेकॅनिक तिला शेजारच्या रस्त्यावर एक फेरी मारून आणतो, त्या फेरीत त्याला काहीच जाणवत नाही आणि मग अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. दोष तसाच राहतो आणि पुढच्या प्रवासात पुन्हा भेटतो.

यात मेकॅनिकची चूक असतेच असे नाही. ज्या वेगाला थरथर येते तो वेग त्याला गॅरेजच्या आसपास मिळतच नाही. म्हणून या दोषाच्या निदानातला अर्धा वाटा गाडी चालवणाऱ्यानेच उचलावा लागतो, आणि त्यासाठी त्याला यंत्रशास्त्र येण्याची गरज नसते. थरथर केव्हा येते, एवढेच त्याने नीट टिपायचे असते. ठरावीक वेगालाच येते का? ब्रेकवर पाय ठेवल्यावरच येते का? ॲक्सिलरेटर दाबल्यावर येऊन पाय उचलताच थांबते का? गाडी सिग्नलला उभी असतानाही येते का? की एखाद्या खड्ड्यातून गेल्यावर सुरू होऊन काही क्षणांनी विरते? या पाचांपैकी कोणत्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर येते, त्यावरून दोष गाडीच्या कोणत्या भागात शोधायचा ते बऱ्याच अंशी ठरते.

त्याआधी मात्र एक शक्यता बाजूला काढली पाहिजे, कारण ती जिवावर बेतू शकते. पंक्चर काढल्यावर, स्टेपनी लावल्यावर किंवा कोणत्याही कारणाने चाक काढून पुन्हा बसवल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थरथर सुरू झाली असेल, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन चाकाचे नट तपासावेत. नट सैल असेल तर चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर आवळले जाते त्या मधल्या भागावर, घट्ट बसलेले नसते. मग थरथर कमी वेगालाही येते, हळूहळू वाढत जाते आणि बरोबरीने ठकठक असा आवाजही येऊ शकतो. डिकीतल्या पान्याने नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायला पाच मिनिटे लागतात. बाकीचे सर्व निदान त्यानंतर.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडीत फिरणाऱ्या वस्तू पुष्कळ असल्या तरी थरथरीच्या दृष्टीने त्यांचे दोन गट पडतात. एक गट चाकांच्या गतीने फिरतो, त्यात टायर, रिम, हब, ब्रेकची डिस्क आणि चाकाला जोडलेले शाफ्ट येतात. दुसरा गट इंजिनाच्या गतीने फिरतो. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे त्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरते. त्याच वेळी इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ५० वेळा फिरत असते. त्यामुळे चाकातून येणारी थरथर हाताला जाड, ठोके जाणवावेत अशी लागते आणि इंजिनातून येणारी बारीक, झिणझिण्यांसारखी लागते. हा फरक सरावाने कळतो, पण खात्री करून घ्यायची असेल तर साधा उपाय आहे. ज्या वेगाला थरथर येते तो वेग कायम ठेवून गिअर बदलावा, म्हणजे पाचव्यातून चौथ्यात यावे. चाकांची गती तीच राहते, इंजिनाची मात्र वाढते. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष चाकांच्या गटात आहे, बदलली किंवा गेली तर इंजिनाच्या गटात आहे. ही चाचणी करताना गाडी चालू असताना इंजिन बंद करण्याचा मोह कोणी धरू नये. पॉवर स्टिअरिंगचा आधार जातो आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते.

चाचणी कोठे करायची, हा मुंबईकराचा खरा प्रश्न. कायद्याच्या मर्यादेत राहून ताशी ९०-१०० किलोमीटर वेग काही मिनिटे टिकवता येईल अशा जागा शहरात मोजक्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू त्यांतला एक. तेथे मोटारींना १०० ची मर्यादा आहे. कोस्टल रोडवर सरळ भागातली मर्यादा ८० ची असल्याने तेथे थरथरीची जेमतेम सुरुवात कळते. सकाळी लवकर जावे, सोबत एकाला घ्यावे आणि नोंदी त्याने कराव्यात. आणखी एक खबरदारी अशी की पुलांवरचे सांधे आणि काँक्रीटच्या रस्त्यावरच्या पट्ट्यांमधले जोड यांचाही एक नियमित ठोका बसतो. मुंबईतले रस्ते झपाट्याने काँक्रीटचे होत आहेत, त्यामुळे हा ठोका गाडीचा समजण्याची चूक सहज होते. रस्त्याचा ठोका रस्ता बदलताच जातो, गाडीचा दोष डांबरी रस्त्यावरही सोबत येतो.

ठरावीक वेगाला, साधारण ८० ते ११० च्या दरम्यान थरथर येते आणि ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरशी तिचा संबंध नसतो, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. याचे कारण बहुतेक वेळा चाकाचा तोल बिघडणे हे असते. चाकाच्या एका बाजूला थोडेसे वजन जास्त असेल तर चाक फिरताना ते वजन चाकाला बाहेर ओढते, आणि हा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी ५० किलोमीटरला तो सुमारे एक किलो वजनाइतका ओढा निर्माण करतो. वेग दुप्पट होऊन १०० झाला की ओढा चौपट होऊन साडेचार किलोच्या पुढे जातो आणि सेकंदाला चौदा वेळा आपली दिशा फिरवतो. पुढच्या दोन्ही चाकांचा हा धक्का टाय रॉड आणि रॅक या चाकांना स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्यांमार्फत थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

मग ही थरथर ११० च्या पुढे पुष्कळदा कमी का होते? ओढा तर वाढतच असतो. याचे उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले तर तो उंच जातो. लय चुकवून कितीही जोर लावला तरी तो तसा जात नाही. चाक आणि त्याला धरून ठेवणारी सस्पेन्शनची जोडणी यांचीही स्वतःची एक लय असते आणि बहुतेक मोटारींत ती सेकंदाला १० ते १५ आंदोलनांच्या आसपास असते. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळतात तो वेग नेमका ८०-११० च्या पट्ट्यात येतो. म्हणून ‘नव्वदला येते, एकशे दहाला जाते’ असे वर्णन कोणी केले तर ते ऐकणाऱ्याने हसण्यावारी नेऊ नये, कारण तोल बिघडल्याची तीच ओळख आहे.

आमच्या गाडीचा प्रसंग येथे सांगतो, कारण त्यातून मी जे शिकलो ते मला आधीच कोणी सांगितले असते तर दोन महिने वाचले असते. पावसाळा संपता संपता स्टिअरिंग ८८ ते १०० च्या दरम्यान कापू लागले. एका ठिकाणी अलाइनमेंट करून दिली. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अलाइनमेंट झाली आणि सोबत एक टाय रॉड एंडही बदलला गेला. थरथर थोडी कमी झाल्यासारखी वाटली आणि आठवड्याने पूर्ववत झाली. शेवटी घराजवळच्या एका वयस्क टायरवाल्याकडे गेलो. त्याने गाडी उचलली, पुढचे डावे चाक काढले, उलटे करून जमिनीवर ठेवले आणि बोटाने दाखवले. रिमच्या आतल्या बाजूला, बाहेरून कधीच दिसत नाही अशा घळीत, चिखलाचा थर सिमेंटसारखा सुकून बसला होता, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता, एकाच अंगाला वीतभर लांब आणि बोटभर जाड होता. मेट्रोच्या खोदकामाजवळून रोज जाणे होते. पाण्यातून येऊन गाडी रात्रभर उभी राहिली की आत शिरलेला गाळ रिमच्या खालच्या भागात जमतो आणि तेथेच वाळतो. थराच्या शेजारी दोन बोटे रुंदीचा एक स्वच्छ चौकोन चमकत होता. तेथे चाकाचा तोल साधायला चिकटवलेली वजनाची पट्टी केव्हाच गळून पडली होती. ‘साहेब, आधी चाक आतून धुऊन घ्या, मग मशीनवर चढवू. चिखलासकट बॅलन्सिंग केलं तर चिखल पडल्यावर परत याल,’ तो म्हणाला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर मूठभर ढेपा निघाल्या. त्या दिवसानंतर ती थरथर आली नाही.

त्या प्रसंगात दोनदा झालेली अलाइनमेंट हा आपल्याकडचा सर्वसाधारण गैरसमज आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ही दोन कामे एकाच दुकानात, एकाच बिलावर होतात, त्यामुळे ती एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. बॅलन्सिंग म्हणजे एकेका चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे. अलाइनमेंट म्हणजे चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी योग्य कोनात आहेत की नाहीत हे पाहून ते कोन दुरुस्त करणे. कोन बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे राहते, टायर एका कडेने झिजतो. थरथर मात्र त्यामुळे सहसा येत नाही. अलाइनमेंट महिनोन्‌महिने बिघडलेली राहिली, त्यामुळे टायर उंच-सखल झिजला आणि मग त्या टायरने थरथर आणली, असा आडवळणाचा संबंध असू शकतो. पण तेव्हाही नुसती अलाइनमेंट करून झिजलेला टायर गोल होत नाही.

बॅलन्सिंग करून घेताना शेजारी उभे राहावे आणि दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. चाक मशीनच्या दांड्यावर मधोमध बसले नाही तर मशीन चुकीचे आकडे दाखवते. याची परीक्षा सोपी आहे: वजने लावून दोन्ही बाजूंना शून्य आल्यावर चाक सैल करावे, अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि पुन्हा फिरवावे. आता मशीनने पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक दाखवला तर आधीचे शून्य खरे नव्हते. एवढी विनंती केली तर चांगला कारागीर नाही म्हणत नाही. चाक मशीनवर हळू फिरत असताना रिमच्या कडेकडे नजर लावावी. कड एका जागी स्थिर दिसली पाहिजे. ती आत-बाहेर किंवा वर-खाली लचकताना दिसली तर रिम वाकलेली आहे. तसेच एका बाजूला ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लावावे लागत असेल तर ते मुकाट्याने लावून न घेता रिम आणि टायर तपासायला सांगावे. वाकलेल्या रिमवर वजने चढवून मशीनवर शून्य आणता येते, पण चाक गोल होत नाही आणि रस्त्यावर ते उड्या मारतच राहते.

रिम वाकण्याचे कारण शोधायला मुंबईकराला लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि खड्ड्याची कड किंवा उखडून वर आलेला पेव्हर ब्लॉक चाकाला थेट बसतो. पोलादी रिम अशा वेळी वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते. अलॉय, म्हणजे मिश्रधातूची रिम, वाकते किंवा तिला तडा जातो, आणि तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरणे मी तरी पत्करणार नाही. बाहेरून घेतलेल्या अलॉयच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्या मधले भोक अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते, त्यामुळे ते गाडीच्या हबवर सैल बसते आणि चाक बारीकसे केंद्र सोडून आवळले जाते. मशीनवर असे चाक निर्दोष दिसते, गाडीवर चढताच थरथरते. हब आणि रिम यांच्यामधली जागा भरून काढणारी योग्य मापाची कडी बसवली की हा दोष जातो. मूळ रिम असलेल्या गाडीतही समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे चढतात आणि चाक सपाट बसत नाही. चाक काढलेलेच आहे तर तारेच्या ब्रशने ते तोंड घासून घ्यावे.

टायरचा दोष वेगळ्या प्रकारे बोलतो. थरथर ताशी २०-३० किलोमीटरलाच जाणवत असेल, आणि ती कापण्यापेक्षा चाक एखाद्या उंचवट्यावरून पुन्हा पुन्हा जावे तशी हेलकाव्याची असेल, तर आधी टायर पाहावा. खड्ड्याच्या धक्क्याने टायरच्या बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात आणि तेथे फुगवटा येतो. तो डोळ्यांना दिसतो. टायरच्या आतले पोलादी तारांचे पट्टे सुटू लागले असतील तर दोष इतका सहज दिसत नाही. अशा वेळी गाडी उभी करून, टायर गार झाल्यावर, रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावरून तळहात सावकाश फिरवावा, आतल्या बाजूलाही. एखाद्या ठिकाणी हाताला टेकाड लागले किंवा नक्षीची रेघ सरळ न जाता नागमोडी झालेली दिसली, तर तो टायर महामार्गावर न्यायचा नाही. फुगवटा असो वा सुटलेला पट्टा, टायर बदलण्याला पर्याय नाही, आणि तो बदलण्याआधी एकही लांबचा प्रवास करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

टायरचे वयही पाहावे. बाजूच्या भिंतीवर चार अंकांची खूण असते; पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मुंबईत गाड्या कमी किलोमीटर चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर मात्र म्हातारे, अशी स्थिती वारंवार दिसते. सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा यांत्रिक पार्किंगमध्ये महिना-महिना उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला टेकलेल्या जागी सपाटपणा येतो, तोही याच घरातला. पहिले दहा-पंधरा किलोमीटर धडधड होऊन टायर तापल्यावर ती थांबत असेल तर काळजीचे कारण नाही. थांबत नसेल तर सपाटपणा कायमचा झाला आहे.

दोष चाकात आहे हे कळले, पण कोणत्या चाकात ते कळत नाही, अशा वेळी पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावीत. पुढच्या चाकांची थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते, मागच्या चाकांची आसनात आणि पायाखालच्या पत्र्यात. चाके बदलल्यावर थरथर स्टिअरिंग सोडून आसनाखाली गेली तर दोष त्या चाकांबरोबर मागे गेला, म्हणजे तो रिममध्ये किंवा टायरमध्ये आहे. ती जागची हलली नाही तर दोष गाडीच्या पुढच्या भागात, हब, डिस्क किंवा शाफ्टमध्ये आहे. कोणताही भाग विकत न घेता इतकी स्पष्ट माहिती देणारी दुसरी परीक्षा माझ्या माहितीत नाही.

ब्रेक लावल्यावरच येणारी थरथर ही सर्वस्वी निराळी. खंडाळ्याचा घाट उतरताना किंवा महामार्गावर वेग कमी करताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे थडथडू लागते, पेडलही पायाला ढकलल्यासारखे वाटते, आणि ब्रेक सोडताच सारे शांत होते. गॅरेजात याला ‘डिस्क वाकली’ असे म्हणतात. डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, एवढाही हाताला जाणवण्यास पुरतो, कारण प्रत्येक फेऱ्याला जाड जागेवर ब्रेक जास्त पकडतो आणि पातळ जागेवर कमी. हा फरक येतो कसा? लांब उतारावर डिस्क तापून लाल होण्याच्या बेताला आलेली असताना गाडी थांबवून पाय ब्रेकवर दाबून धरला, तर डिस्कला दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडचा थर डिस्कवर त्या एका जागी चिकटतो. पावसात भिजलेली गाडी आठवडाभर उभी राहिली तर पॅडखालची जागा सोडून उरलेल्या डिस्कवर गंज चढतो. हब आणि डिस्क यांच्यामधल्या गंजामुळे डिस्क किंचित तिरकी फिरत असेल, तर हजारो किलोमीटरमध्ये ती एका जागी जास्त घासली जाते. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहण्यापेक्षा गिअर खाली घेऊन इंजिनाचा रोध वापरावा, असे जुने चालक सांगतात त्याचे एक कारण हेही आहे.

उपाय म्हणजे डिस्क लेथवर फेस करून, म्हणजे तासून सपाट करून घेणे किंवा बदलणे. फेस करण्यापूर्वी जाडी मोजायला सांगावी, कारण किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो आणि त्याखाली गेलेली डिस्क तापल्यावर तडकू शकते. नवी किंवा फेस केलेली डिस्क बसवण्याआधी हबचे तोंड साफ केले नाही, तर पाच-सहा हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते, आणि मालक नव्या डिस्कला दोष देत बसतो. चाकाचे नट हवेच्या बंदुकीने कमी-जास्त आवळले तरीही डिस्क तिरकी बसू शकते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल घरघरत पायाला मागे ढकलते, तो मात्र दोष नाही. ते एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, काम चालू असल्याचे लक्षण आहे.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी थरथर उड्डाणपुलावर चढताना चांगली पकडता येते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन चढताना गाडीचा पुढचा भाग डावी-उजवीकडे हलतो आणि पाय उचलताच थांबतो, असे असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा सांधा झिजलेला असण्याची शक्यता मोठी. चाकाकडचा सांधा झिजला तर तो निराळी खूण देतो: सोसायटीच्या फाटकातून स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर पडताना कट-कट-कट असा आवाज येतो. दोन्ही सांध्यांवर रबरी टोपण असते आणि आत ग्रीस भरलेले असते. टोपण फाटले की ग्रीस उडून जाते आणि पाणी, वाळू आत शिरते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागलेल्यांनी पावसाळ्यानंतर चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले आहे का, एवढे तरी पाहावे. टोपण वेळेवर बदलले तर शाफ्ट वाचतो.

गाडी उभी असताना, सिग्नलला गिअर न्यूट्रलमध्ये असताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचा विचारच करायला नको, कारण चाके फिरतच नाहीत. इंजिनाला चेसिसवर धरून ठेवणारी रबरी माउंटिंग, ज्यांना गॅरेजात ‘फाउंडेशन’ म्हणतात, ती दबली किंवा फाटली असतील, किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल. एसी लावताच थरथर वाढते आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर जाते, ही माउंटिंगची खूण. इंजिन अडखळल्यासारखे चालते आणि चढावर दम कमी पडतो, ही स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलची. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर जन्मजात असते. ती नवी गाडी घेतल्यापासून किती होती हे आठवावे आणि वाढली असेल तरच शोध घ्यावा.

राहिला खड्ड्यातून गेल्यावर चाळवणारा कंप. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: थरथर निर्माण करणारा भाग वेगळा आणि ती पोचवणारा वेगळा. टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप हे चाकाला धरून ठेवणाऱ्या जोडणीतले भाग स्वतः थरथर क्वचितच निर्माण करतात, पण ते सैल झाले की चाकातली लहानशी थरथर न दबता मोठी होऊन हातापर्यंत येते. माझ्या गाडीचा टाय रॉड एंड बदलल्यावर थरथर आठवडाभर कमी वाटली ती यामुळेच. सैलपणा तपासण्यासाठी गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, चाक दोन्ही हातांनी धरून हलवतात. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलले तर टाय रॉडकडे संशय जातो, बारा आणि सहाच्या जागी धरून हलले तर चाकाच्या बेअरिंगकडे किंवा बॉल जॉइंटकडे. बेअरिंग खराब असेल तर थरथरीपेक्षा घुमणारा आवाज जास्त येतो आणि चालती गाडी वळणावर एका बाजूला झुकली की तो कमी-जास्त होतो. बुशची तपासणी पहारीने रेटून करतात. ती घरी करण्याजोगी नाही.

हे सर्व टिपल्यावर गॅरेजात जाताना कागदावर किंवा फोनमध्ये चार ओळी लिहून न्याव्यात. ‘स्टिअरिंग व्हायब्रेट होतंय, बघा जरा’ असे म्हटले तर मेकॅनिकच्या हाती काहीच लागत नाही. ‘८८ ला सुरू होते, १०५ ला कमी होते, ब्रेकने फरक पडत नाही, गिअर बदलूनही तशीच राहते, ऑगस्टमध्ये पुढचे डावे चाक खड्ड्यात आपटले होते’ असे सांगितले, तर जाणता कारागीर टाय रॉडला हातही न लावता सरळ ते चाक काढेल. एका वेळी एकच काम करून घ्यावे आणि प्रत्येक कामानंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून पाहावी. तीन भाग एकदम बदलले आणि थरथर गेली, तर ती कशामुळे गेली हे कधीच कळत नाही, आणि दोन भागांचे पैसे उगाच जातात.

चाके काढून बसवलेली असतील तर ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतके, म्हणजे आवळण्याच्या जोराइतके, समोरासमोरच्या क्रमाने आवळून घ्यावेत.